चला, वाढवू या

फुकट मिळणाऱ्या गोष्टीत काहीतरी गोम असते, हे आमच्या गावाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे सिन्नरकडच्या कुठल्याशा कंपनीने ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये छोट्या धंदेवाल्यांसाठी वर्ग काढला, फी नाही, उलट दुपारचं जेवणही कंपनीचंच, तेव्हा पारावर दुसरा विषय उरला नाही. सलूनवाल्या पुंजाचं म्हणणं, कंपनीला चौफुलीवरच्या जमिनी पाहिजेत. कुणी म्हणालं, निवडणूक आली असेल. सावळीराम कासार चार बुकं शिकलेले. त्यांनी सांगून पाहिलं की कंपनीला नफा झाला की त्यातला थोडा समाजावर खर्चायचा, असा कायदाच आहे. ते कुणालाच पटलं नाही. नफ्यातलं कुणी आपणहून देतं, हे ऐकून पुंजाने तर हातातला वस्तरा बाजूला ठेवला आणि पोटभर हसून घेतलं. आणि तरीही पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये जाऊन बसला तोही पुंजाच.

सावळीरामांच्या घरातून सून गेली, भाग्यश्री. ती नाशिकची, सिडकोतली. वडील एस्टीत कंडक्टर. कासाराच्या घरात आली तेव्हा तिला बांगडी घालता येत होती, भरता येत नव्हती. घरातला खरा धंदा सासूचा, मैनाबाईंचा. बांगड्यांच्या माळा पिशवीत घालायच्या आणि आसपासच्या गावांतून, मळ्यांतून हिंडायचं. हात बघूनच माप सांगायचं. दुकान म्हणजे घराच्या ओट्यावर काढलेलं पत्र्याचं शेड. बाई घरी असली की उघडं, नसली की बंद. मुलगा रोहित पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर कामाला.

यंदाचं साल वाईट गेलं. ऐन तोडणीत गारपीट झाली, मणी तडकले, आणि द्राक्षं बसली की लग्नंही बसतात. जी व्हायची ती नाशिकच्या लॉन्सवर. तिथे नवरी सजवणारी बाई डब्यात बांगड्यांचा तयार संच घेऊन येते. मैनाबाईंचे गुडघे सुजलेले, उन्हाने तोंड काळवंडलेलं, आणि पिशवी सकाळी जेवढी जड न्यावी तेवढीच संध्याकाळी परत. सगळ्या हंगामात एकच चुडा पक्का होता, निवृत्तीनानांच्या मळ्यातला. त्यांच्या वेदिकाचं लग्न. नानांच्या आई ठकूबाई, त्यांना मैनाबाईंच्या सासूने बांगड्या भरलेल्या. ठकूबाईंच्या सुनांना, लेकींना मैनाबाईंनी. वस्तीवरच्या सगळ्या बायका ठकूबाईंकडे बघून चालतात. तो चुडा हातात राहिला तर पुढची सालं निभतील, आणि गेला तर पिशवी खुंटीला टांगायची, हे मैनाबाई जाणून होत्या. बोलत नव्हत्या, पण रात्री गुडघ्याला तेल चोळताना त्यांच्या तोंडी वेदिकाचंच नाव असायचं.

मैनाबाईंचा एक स्वभाव होता, कुठलीही गोष्ट मुळापासून विचारायची. भाग्यश्री हॉलमधून आली की भाकरी थापता थापता तिला सगळं सांगावं लागायचं. मॅडमचं नाव काय, नेसली काय होती, पुंजा काय बोलला. ग्राहक म्हणजे आपलं गिऱ्हाईकच ना, मग नवं नाव कशाला. एके दिवशी सगळ्यांना म्हणे डोळे मिटून पाच वर्षांनंतरचं आपलं दुकान बघायला लावलं. मैनाबाईंना याची फार मौज वाटली. त्यांनी चुलीपुढेच डोळे मिटून पाहिले आणि म्हणाल्या, मला तर अंधारच दिसला.

पण एक शब्द मात्र त्यांना खटकायचा. भाग्यश्री उठता बसता म्हणायची, धंदा वाढवायचा. आता कासाराच्या घरात बांगडी कधी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, वाढतो. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून चांगला शब्द पुढे करायचा, ही आपली जुनी रीत. कुंकवाच्या आणि काचेच्या धंद्यात तर ती जास्तच पाळतात.

"धंदा मोठा करायचा म्हण," मैनाबाई म्हणाल्या. "वाढवायचा काय म्हणती सारखी? चालता धंदा हाय आपला."

भाग्यश्रीला हसू आलं. चार वर्षं त्या घरात काढून तिलाही बांगडी वाढते हे ठाऊक होतं. पण हॉलमध्ये दिवसभर वाढवा, वाढवा हेच कानावर पडत होतं. वाढीचे टप्पे, वाढीचा आराखडा, भिंतीवर वाढीचा आलेख. त्या वर्गाचं नावच मुळी 'चला, वाढवू या' होतं. एका घरात दोन 'वाढवणं' नांदू लागली, एक सासूचं, एक सुनेचं. आणि सासू-सुना नांदतात तशीच ती नांदली, म्हणजे एकमेकींकडे फारसं लक्ष न देता.

वर्ग घेणाऱ्या योगिनी मॅडम एकदा सगळ्यांची दुकानं बघायला आल्या. ओट्यावर पोत्यावरच मांडी घातली. मैनाबाईंनी हात मागितला, बोटं दाबून पाहिली, हाड कुठे आहे ते चाचपलं आणि बघता बघता हिरव्या बांगड्या मनगटावर सरकवल्या. मॅडम आपल्या हाताकडे बघतच राहिल्या. मैनाबाईंनी मग गावाला पडलेला प्रश्न तोंडावर विचारून टाकला. तुमच्या कंपनीचं आमच्याशिवाय काय अडलंय?

योगिनी मॅडम रागावल्या नाहीत. कंपनीचं काहीच अडलेलं नाही, म्हणाल्या. पैसा खर्च करावा लागतो, तो कुठे करायचा ते कंपनी ठरवते. मला पगार मिळतो, आणि लोक कसे जगतात ते बघायला मिळतं. सगळ्या गोष्टी काही फायद्यासाठी नसतात, मावशी, काही नियमासाठी असतात. हे उत्तर मैनाबाईंना पटलं. नियम त्यांना कळत होता, चुड्याचेही नियमच असतात. त्यांनी मॅडमना चहाबरोबर शेवेची बशी दिली आणि संध्याकाळी सुनेला सांगितलं की बाई सरळ आहे, शीक तिच्याकडून.

वर्ग संपला तेव्हा प्रत्येकाला एक पाटी मिळाली. चांगली जाड पत्र्याची, चकचकीत रंगांची, कंपनीचं चिन्ह कोपऱ्यात. वरती ज्याच्या त्याच्या दुकानाचं नाव, आणि खाली साऱ्या जिल्ह्यात सारखंच, मोठ्या अक्षरात ब्रीदवाक्य. सुट्टीच्या दिवशी रोहितने शिडी लावून पाटी शेडवर ठोकली. खाली उभं राहून मान वाकडी करून पाहिली आणि म्हणाला, अक्षर भारी आहे. सावळीरामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना निळं आणि पिवळं दिसलं. मैनाबाईंनी पाटीला हळदकुंकू लावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. हे घरात माहीत होतं आणि बाहेर कुणाला नव्हतं. हातात पत्रिका दिली तर त्या नीट उलगडायच्या, वरून खाली नजर फिरवायच्या आणि छान आहे म्हणायच्या. वाचणाऱ्यांना उमजलं नाही आणि जिला उमजलं असतं तिला वाचता आलं नाही, असा तो मामला झाला.

पाटी लागली आणि गिऱ्हाईक आटलं.

आधी वाटलं ऊन आहे. मग वाटलं कांदे काढणीची गडबड आहे. पण बाजाराच्या दिवशीही बायका ओट्यासमोरून पलीकडच्या कडेने जायला लागल्या. एक सुवासिनी तर तान्ही लेक काखेत घेऊन नेमाने यायची. तिने पाटीकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून झपझप पुढे गेली. भाग्यश्रीने शिकल्याप्रमाणे माल रंगवार लावला, काच पुसली, दिवसभर ओट्यावर बसली. बसून बसून तिची कंबर धरली. मॅडमनी शिकवलं होतं, गिऱ्हाईक का येत नाही हे स्वतः अंदाज करू नका, गिऱ्हाइकालाच विचारा. म्हणून तिने जाऊन विचारलंही. नळावर दोघीतिघींना गाठलं. एकीने हंडा उचलला. दुसरी म्हणाली, तुम्हाला माहीत नाही का, आम्हाला काय विचारता. तिसरीने भाग्यश्रीच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. तो हात का ठेवला हे भाग्यश्रीला रात्रभर समजेना.

मैनाबाईंना तर याहून नवल अनुभव आले. त्या पिशवी घेऊन वडाच्या मळ्यात गेल्या. तिथल्या बाईने बांगड्या बघितल्याच नाहीत. आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि खण-नारळाने ओटी भरली.

मैनाबाईंनी विचारलं, काय कारण? बाई म्हणाली, "काय नाय ओ काकू, लय केलं तुम्ही आमचं. दमल्या आसान. बरं केलं."

काय बरं केलं हे विचारायचं धाडस मैनाबाईंना झालं नाही. ओटीत आलेला नारळ घेऊन त्या उन्हातून चालत परत आल्या. दुसऱ्या वस्तीवरही तेच. एका म्हातारीने तर त्यांचे पाय धरले. मैनाबाई घाबरल्या. आपल्याला काही मोठं दुखणं झालंय आणि ते घरचे आपल्यापासून लपवताहेत, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी सावळीरामांना एकांतात घेतलं आणि विचारलं, डॉक्टर काय म्हणाला ते खरं सांगा. कुठला डॉक्टर, असं सावळीराम म्हणाले. त्यावरून दोघांचं भांडण झालं, आणि म्हाताऱ्याने रागाने दुपारचा चहाही घेतला नाही.

चुड्याचा दिवस जवळ आला. निवृत्तीनानांकडून बोलावणं यायला हवं होतं. सुपारी यायची रीत होती. आली नाही. मैनाबाईंनी हिरव्या काचेच्या बांगड्या धुऊन, पुसून, मऊ फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. वेदिकाचं माप त्यांना तोंडपाठ होतं, पोर लहान असल्यापासून. दारात माणूस दिसला की त्या उठायच्या आणि गुडघा धरून परत बसायच्या. शेवटी बातमी आणली ती पुंजाने, नवरीच्या बापाची दाढी करून येताना. मळ्यात पिंपळगावहून कासार आलाय, म्हणाला. मोटरसायकलवर, पेटी घेऊन. आजच चुडा भरताहेत.

मैनाबाई उठल्या. ओट्याच्या खाली उतरल्या, रस्त्यापलीकडे लिंबाच्या सावलीत जाऊन दगडावर बसल्या आणि आपल्याच दुकानाकडे बघत राहिल्या. भाग्यश्री पाणी घेऊन मागे गेली. सासूच्या डोळ्यांतून पाणी येताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आता ते गालावरून सरळ खाली येत होतं आणि बाई पुसतही नव्हत्या.

बऱ्याच वेळाने मैनाबाईंनी विचारलं, "भागे, त्या पाटीवर काय ल्हिवलंय गं?"

भाग्यश्रीने मान वर केली आणि वाचलं. "मैना बांगडी भांडार."

"अन् खाली?"

"चला, वाढवू या."

वाचून झालं आणि तिचा आवाज तिलाच ऐकू आला. इतके दिवस तिने ती पाटी डोळ्यांनी पाहिली होती, तोंडाने आज पहिल्यांदा वाचली. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे आरसाच डोक्यावर टांगलेला होता आणि तरी दिसलं नव्हतं. बांगड्यांचं दुकान, आणि खाली चला, वाढवू या. म्हाताऱ्या बायकांनी वाचून घेतलं असणार, मैनानं दुकान वाढवलं. धंदा बंद केला. आणि ज्यांच्या घरी लग्न आहे, हातात नवा चुडा आहे, त्यांनी तर याहून वाईट वाचलं असणार, या, तुमच्या बांगड्या वाढवू. ते तोंडाने कोण बोलणार, तेही लग्नाच्या दिवसांत? म्हणून नळावरचा तो हात आणि म्हणून मळ्यातली ओटी.

मैनाबाईंनी डोक्याला हात लावला. आणि मग त्यांना हसू आलं. रडू थांबायच्या आधीच आलं, त्यामुळे दोन्ही एकदमच चाललं. ओटी आठवली की हसायच्या आणि नानांचा मळा आठवला की डोळे भरायचे.

भाग्यश्रीला मात्र हसू येईना. तिने योगिनी मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, अगं, हे मला कसं सुचलं नाही, माझी आजी दिवा वाढव असंच म्हणायची. परवा मुंबईहून साहेब फोटो काढायला येणार आहेत, पाटी दिसली पाहिजे असं पत्र आहे. पण तू पाटी काढ, साहेबांना काय सांगायचं ते मी बघते. मागून त्या हळूच म्हणाल्या, गावात एक माठवालाही आहे गं, त्याच्याही दारात हीच पाटी आहे, त्याच्याकडे जाऊन येते.

शिडी शेजाऱ्याची होती आणि शेजारी कुलूप लावून गेलेला. भाग्यश्री पत्र्याच्या पिंपावर चढली, पाटी हलेना, तेव्हा तिने स्वतःची जुनी साडी त्या अक्षरांवरून गुंडाळली. उतरून बघते तर मैनाबाई जागेवर नव्हत्या. फडक्यात बांधलेला हिरवा चुडाही नव्हता. सासू मळ्याच्या वाटेला लागली होती, चपला न घालताच, वरचं ऊन आणि खालची माती दोन्ही तापलेली. भाग्यश्री धावतच मागे गेली.

मळ्यात मांडव पडला होता. पडवीत बायकांचा घोळका, मधे सतरंजीवर वेदिका, आणि तिच्यासमोर पिंपळगावचा कासार. डावा हात भरून झालेला. मैनाबाई दिसल्या आणि बायकांचं बोलणं बंद पडलं. कुणी या म्हणालं नाही. या घरात त्यांना बसायला नेहमी पाट मिळायचा. त्या पायरीखाली उभ्याच राहिल्या, पाय एकावर एक ठेवून, कारण फरशी पोळत होती.

ठकूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर राग होता, पण तो परक्यावरचा नव्हता. "धंदा वाढवायचा व्हता तर मला येऊन सांगायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नापासून तुझ्या घरचा हात माझ्या हाताला. अन् तू मला पाटी लावून सांगू राह्यली?"

तेव्हा भाग्यश्रीला कळलं की या घरात अपशकुनाचं कुणी मनावरच घेतलं नव्हतं. म्हातारीला लागलं होतं ते वेगळंच. ती मधे पडून बोलणार होती. वाढवणं म्हणजे मोठं करणं, कंपनीचा शब्द, मुंबईत छापलेली पाटी, असं सगळं तिने मनात जुळवून आणलं होतं. मैनाबाईंनी तिला हाताने मागे सारलं.

"ठकूबाई, मला वाचता येत नाय," त्या म्हणाल्या.

मैनाबाईंचा चेहरा लाल झाला होता, कानाच्या पाळ्यांपर्यंत. "कधीच येत नव्हतं. तुमच्या घरच्या पत्रिका मी निस्त्या बघायची. काय ल्हिवलंय ते ठाव आसतं तर आसली पाटी माझ्या दारात लावली आसती का मी?"

वस्तीवरच्या साऱ्या बायका तिथे होत्या. ज्यांच्यासमोर आयुष्यभर पत्रिका उलगडून मान डोलावली त्याच सगळ्या. मैनाबाईंना खाली बघायचं होतं, पण त्या बघत राहिल्या ठकूबाईंकडेच. भाग्यश्रीला वाटलं आपण सासूचा हात धरावा, आणि तिला तेवढंही जमेना.

ठकूबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग खांबाचा आधार घेऊन उठायला लागल्या. सून आधार द्यायला धावली तिला त्यांनी नको म्हटलं.

"मला तरी कुठं येतं?" त्या म्हणाल्या. "ती पाटी मला वेदीनं वाचून दावली, गाडीतून. मी निस्ती रागावले."

बायकांत कुणीतरी हुंदका दिला की हसलं ते कळलं नाही. पिंपळगावचा कासार पेटीशी चुळबुळला आणि म्हणाला, उजवा हात राहिलाय, मग मी काय करू? ठकूबाईंनी त्याला जेवून जायला सांगितलं. वेदिकाने उजवा हात मागे घेतला, सतरंजीवर थोडी सरकून जागा केली आणि मैनाबाईंकडे बघून हात पुढे धरला.

मैनाबाई भाजलेल्या पायांनी पडवी चढून आल्या, खाली बसल्या आणि फडक्याची गाठ सोडायला लागल्या. गाठ काही सुटेना. ठकूबाई त्यांच्याशेजारी टेकल्या आणि दोघी म्हाताऱ्या मिळून ती गाठ सोडवत बसल्या.